प्रकरण चौदावे : बिनरंगी शाई

थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी सकाळी आठ वाजता टॉलफसनांच्या जेवणाच्या टेबलावर मेणकापड अंथरले जाते, आणि दुपारी चारच्या आत नाताळची एकशे बत्तीस कार्डे तयार होतात. एकेचाळीस वर्षांत या नियमाला दोनच अपवाद झाले. एकदा हिमवादळाने वीज घालवली, आणि यंदा माझ्या मुलीने चमकी स्वतःच्या हातात घेतली.

मार्गिट सत्तावन्न वर्षांची आहे, शाळेचे ग्रंथालय सांभाळते, आणि आपल्याला न जमणारे असे काही जगात असेल यावर तिचा विश्वास नाही. त्या शनिवारी तिने कार्डावर चांदीची पूड ओतली, जास्तीची झटकली, आणि कार्ड अभिमानाने उजेडात धरले. झाडावर बर्फ पडले होते खरे. पण चारी कोपऱ्यांवर, कडांवर आणि आभाळाच्या मधोमध मार्गिटच्या बोटांचे ठसेही चांदीत उमटले होते. घरात हीटर चालू असला की कोरड्या हवेत कागदाला वीज चढते, आणि बोट लागेल तिथे चमकी धरून बसते. म्हणून शिक्का मारण्याआधी प्रत्येक कार्डावरून पावडरची पुरचुंडी हलक्या हाताने फिरवावी लागते. हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते, कारण माझी सून डार्ला एकवीस वर्षे ते कोणाला न सांगता करत आली होती. माजी सून म्हणायला हवे. कोर्टाने ऑक्टोबरात तसे लिहून दिले आहे.

चाळीस कार्डे वाया गेली.

"मार्गिट आत्या," माझी नात सिग्ने म्हणाली, "आता तू आयुष्यात गुन्हा करू नकोस हं. तुझे ठसे गावभर टपालाने जाणार आहेत."

"ते ठसे नाहीत, वावटळ आहे," मार्गिट म्हणाली. "बर्फाची वावटळ."

"दहा बोटांची?" मी विचारले.

"मी आईला फोन करते," सिग्नेने टेबलावरचा फोन उचलला. "चमकी तिलाच येते. आणि तिला सांगते, आलीस की तुझा खंड्याचा शिक्काही मार."

"चमकीसाठी बोलाव," मी म्हणाले. "खंड्याचा प्रश्न निकालात निघालेला आहे."

तो प्रश्न असा. आमचे कार्ड दरवर्षी एकच असते: मधोमध स्प्रूसचे सूचिपर्णी झाड, आणि त्याच्या फांद्यांवर घरातल्या प्रत्येकाचा एकेक पक्षी. हे शिक्के माझे यजमान ऑर्विल यांनी स्वयंपाकघराच्या जमिनीवरून काढलेल्या जुन्या लिनोलियमवर कोरले आणि मेपलच्या ठोकळ्यांवर चिकटवले. आपला पक्षी ज्याने त्याने स्वतःच्या हाताने उमटवायचा. मार्गिटला त्यांनी सुतार पक्षी दिला, कारण ती टोचत राहते. तिचा धाकटा भाऊ कर्टिस याला घुबड, कारण तो दिवसा बोलत नाही. रात्री बोलतो की नाही हे एकटी डार्ला सांगू शकत होती. तिने नाही असे सांगितले आणि एप्रिलमध्ये घर सोडले. ऑर्विलची धाकटी बहीण एल्वीरा वरच्या खोलीत राहते, तिला पारवा. सिग्नेला चिमणी. डार्ला मासेमारांच्या घरातली, म्हणून तिला चोचीत मासा धरलेला खंड्या. आणि मला, या घराच्या मालकिणीला, कलहंस. कलहंस झाडावर बसत नाही, हे मी ऑर्विलना तेव्हाच सांगितले होते. ते म्हणाले, "हा बसेल. नाही म्हणायची झाडाची हिंमत नाही."

आमच्या गावात, स्वॅन प्रेअरीत, आमचे कार्ड कोणी वाचत नाही. लोक ते मोजतात. ऑर्विल गेले त्या वर्षी मी त्यांचा बगळा काढला. कार्डे घरोघर पोचली, लोकांनी मोजली, आणि पुढच्या रविवारपासून चर्चमध्ये माझ्याशी त्यांच्याविषयी भूतकाळात बोलू लागले. जो घरात, तो फांदीवर. या नियमाची किंमत मी स्वतः आधी मोजली आहे. म्हणून तो इतरांना लावण्याचा मला अधिकार आहे, असे मी सिग्नेला सांगितले.

"आजोबा वारले होते, आज्जी," सिग्ने म्हणाली. "आई नऊ मैलांवर राहते. अंतरात जरा फरक आहे."

"नियमात नाही."

"बरं. मग माझी चिमणीही नको."

"म्हणजे काय?"

"ज्याचा पक्षी त्याने मारायचा ना? मी नाही मारणार. आई नसेल तर मीही नाही. मोजू दे लोकांना."

ती एकोणीस वर्षांची आहे, कॉलेजातून चार दिवसांसाठी आली होती, आणि तिने हनुवटी अशी उचलली होती की एल्वीराने कानातले यंत्र नीट बसवून विचारले, "वहिनी, तूच बोललीस का गं आत्ता?"

ऑर्विल असताना झाडावर सात पक्षी होते, ते गेल्यावर सहा. माझ्या एका निर्णयाने ते आता चारांवर येणार होते. एक जाणार होता गेलेल्या सुनेचा आणि एक जाऊ पाहणाऱ्या नातीचा. नियम मोडायचा तर माझा शब्द जातो, पाळायचा तर सिग्ने. मी त्या दुपारी काही ठरवले नाही. मेणकापड मात्र काढू दिले नाही.

रविवारी आम्ही प्रार्थनेहून परतल्यावर साडेअकराला डार्ला आली. पायातले बूट तिने दाराशी काढून चटईवर ठेवले, पूर्वी ठेवायची त्याच जागी, मग तिथून उचलून पाहुण्यांच्या बुटांच्या रांगेत ठेवले. मी ते पाहिले, आणि मी पाहिले हे तिने पाहिले.

"नमस्कार, मिसेस टॉलफसन," ती म्हणाली. "मी चारपर्यंत आहे."

एकवीस वर्षे ती मला आई म्हणत होती. मी कधी तसे सांगितले नव्हते. तिने आपल्या मनाने सुरू केले होते आणि आता आपल्या मनाने थांबवले होते. माझ्या मागे मार्गिट खोकली. मार्गिटने मला पुढे जानेवारीत कबूल केले की ते हसू होते.

"कॉफी घेशील?" मी विचारले.

"आधी हात धुते. मार्गिटताई, कालची कार्डं दाखवा ना. सिग्नेने फोटो पाठवला होता, पण मला वाटलं फोटो हललाय."

"तू इथे मदतीला आलीयस की तपासाला?" मार्गिट म्हणाली.

"तपास संपला म्हणे. आरोपी सापडला."

डार्लाच्या चमकीचा खोका गाडीत राहिला होता. तो आणायला कर्टिसने तिच्याबरोबर बाहेर जावे, अशी सिग्नेने व्यवस्था केली होती. बापाला तिने एका बाजूला घेऊन बजावले होते की खंड्यावरून आज घरात काय चालले आहे ते आईच्या कानावर घाल, म्हणजे ती तयारीने आत येईल. अंगणात पुढे काय झाले ते मला कर्टिसकडून कळले. त्याच्याकडून ते काढायला मला तीन रविवार लागले.

तो गाडीपाशी उभा राहिला. त्याला पुष्कळ बोलायचे होते. डार्लाने डिकी उघडली. कर्टिस बावन्न वर्षांचा आहे, शाळेच्या बसगाड्यांची इंजिने सांभाळतो, आणि ज्या वस्तूला चाके आहेत तिच्यासमोर त्याला धीर येतो.

"चाकं बदललीस?" तो म्हणाला.

"हो."

"बर्फाची?"

"हो कर्टिस. बर्फाची."

त्याने वाकून एका चाकाच्या टायरवरची खोल नक्षी अंगठ्याने दाबून पाहिली. खंड्याविषयी काय म्हणायचे ते त्याने मनात जुळवले होते. पण त्याला, तो म्हणाला, एकदम असे वाटले की हिच्या गाडीला चांगली चाके आहेत, ही बर्फात कुठे अडकणार नाही, आणि यापुढे आपण हिला काही सांगावे असे फारसे उरलेले नाही.

"चांगली आहेत," तो म्हणाला, आणि खोका घेऊन आत आला.

सिग्नेने भुवया उंचावून विचारले. त्याने मान हलवली. तिला वाटले सांगितले. अशा रीतीने डार्ला खुर्चीवर बसली तेव्हा तिच्याच पक्ष्यावरून आम्ही भांडत आहोत, हे टेबलाभोवती एकट्या तिलाच माहीत नव्हते.

काम सुरू झाले. डार्ला प्रत्येक कार्डावरून पुरचुंडी फिरवून ते मार्गिटकडे देई. मार्गिट हिरव्या शाईचे झाड उमटवी. मग कार्ड हातोहात फिरून त्यावर तपकिरी पक्षी बसत, घुबड, सुतार, पारवा, आणि वरच्या फांदीवर माझा कलहंस. सिग्ने आपल्या पाळीला हात मांडीवर ठेवून बसे. तिची चिमणी तिच्यापुढे पालथी पडली होती. पुढे एल्वीरा बर्फ पाडत असे. हे काम बिनरंगी शाईने होते. ती चिकट असते, लवकर वाळत नाही आणि दिसत नाही. शिक्का कुठे पडला हे त्यावर पूड ओतल्यावरच कळते. पूड ओतायला पुन्हा डार्ला. मग सिग्ने गरम हवेच्या बंदुकीने ती वितळवून कागदावर बसवी. शेवटी मी. मी हाडाच्या पट्टीने घडी घालते आणि चुकलेले कार्ड बाद करते.

"मार्गिट, हे झाड पडतंय."

"वारा आहे, आई."

"वारा माझ्या कार्डावर नसतो. बाद."

"ऑर्विल असता तर हे चाललं असतं," एल्वीरा म्हणाली.

"ऑर्विलना काहीही चालायचं. तू नाही का चाललीस?"

"मी त्याची बहीण आहे वहिनी, मला निवडायचा त्याला अधिकार नव्हता. तुला त्याने डोळे उघडे ठेवून आणली."

डार्ला हसली. हसताना तिचा हात जराही हलला नाही. पूड ओतावी तर तिने. चमचाभर, कडेपासून, एका वळणात. मग कार्ड उभे करून मागून बोटाने एकच टिचकी. जास्तीची पूड खालच्या कागदावर परत येते आणि कण वाया जात नाही. तिला हे कोणी शिकवले नाही. ती दाताच्या डॉक्टरकडे मदतनीस आहे. तिथे म्हणे हात थरथरला तर पेशंट पळून जातात.

बाराच्या सुमारास तिने एका कार्डावर पूड ओतली, टिचकी मारली, आणि तशीच बसून राहिली. मग पुढचे कार्ड घेतले. ओतली, टिचकी, पुन्हा थांबली. तिसरे. असे करत तिच्यापुढे अकरा कार्डांची रांग लागली तेव्हा मी विचारले, "काय झालं? पूड संपली?"

"नाही," डार्ला म्हणाली. "मासा आलाय."

आम्ही सगळे वाकलो. घुबडाच्या शेजारची फांदी मी यंदा मोकळी ठेवली होती. तिथे चोचीत मासा धरून खंड्या बसला होता, चांदीचा. बाकीचे पक्षी तपकिरी शाईत गुपचूप असताना हा एकटा असा लखलखत होता की गावातल्या कोणत्याही म्हातारीला तो चष्म्याशिवाय, रस्त्याच्या पलीकडून मोजता आला असता.

मार्गिटला वाटले ही सिग्ने. सिग्नेला वाटले, बाबाने आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी केले. तिने त्याच्याकडे इतक्या प्रेमाने पाहिले की कर्टिस घाबरला. मी टेबलाच्या कडेने पाहत गेले आणि शाईच्या पॅडपाशी थांबले.

"एल्वीरा, तुझ्या हातात काय आहे?"

"शिक्का."

"कोणता?"

"बर्फाचा."

"त्याला चोच आहे."

"आजकाल बर्फाचं काही सांगता येत नाही, वहिनी."

"तू मुद्दाम केलंस."

"मी? मला दिसतं कुठे? शाई दिसत नाही, शिक्का दिसत नाही, उमटलेलं दिसत नाही. सगळे ठोकळे सारखे. हाताला लागला तो मारला."

एल्वीराला दिसत नाही, हे या घरात सर्वांनी मान्य केलेले आहे. तथापि वर्तमानपत्रातल्या निधनाच्या बातम्या ती चष्म्याशिवाय वाचते आणि मृतांच्या वयातल्या चुका काढते.

"अकरा वेळा लागला?" मार्गिट म्हणाली.

"सवय झाली गं हाताला."

"बाद," मी म्हणाले. "अकराही. आणि तो ठोकळा इकडे दे."

एल्वीराने तो दिला नाही. मुठीत धरला. ती एकोणऐंशी वर्षांची आहे. तिने माझ्याशी आजवर हजार वेळा वाद घातला आणि एकदाही आवाज चढवला नाही. तेव्हाही चढवला नाही.

"वहिनी, एक सांग. या टेबलावर जन्माने टॉलफसन कोण कोण आहे? मी. मार्गिट, कर्टिस. ही पोरगी. बरोबर? तू आणि डार्ला दोघी बाहेरून आलात. लग्न होतं म्हणून आलात."

"मग?"

"मग ऑर्विल गेला तेव्हा त्याचा बगळा काढलास. तुझा कलहंस कोणी काढला?"

सिग्नेने गरम हवेची बंदूक बंद केली. ती बंद झाल्यावर कळले की ती किती मोठ्याने वाजत होती.

"तुझंही लग्न संपलंच होतं त्या दिवशी," एल्वीरा म्हणाली. "जो घरात, तो फांदीवर. ठीक. पण तू कोणाच्या जोरावर बसलीस तिथे? आम्ही बसू दिलं म्हणून. मी त्याची सख्खी बहीण. मी काढला असता तर तू काय म्हणाली असतीस?"

"म्हणाले असते, हिंमत कर."

"तेच म्हणाली असतीस. म्हणून तर नाही केली."

मार्गिट हसली, लगेच थांबली. सगळे माझ्याकडे पाहत होते. मी त्र्याऐंशी वर्षांची आहे आणि माझ्याच टेबलावर मला कोणी हिशोब विचारला, असे माझ्या आठवणीत पूर्वी झालेले नाही. मी हाडाची पट्टी खाली ठेवली. पुन्हा उचलली. ऑर्विल गेल्यानंतरच्या त्या डिसेंबरात मी माझा कलहंस एकशे बत्तीस वेळा उमटवला होता, आणि या घरात माझे अजून काही नाते उरले आहे का, हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. तो मला पडू नये अशी व्यवस्था दुसऱ्या कोणीतरी केली होती, हे मला त्या क्षणी कळले. आणि ती कोणीतरी एल्वीरा होती, हे गिळायला जड गेले.

"ठीक आहे," मी म्हणाले. "खंड्या राहील. सगळ्या कार्डांवर. पण तपकिरी शाईत, चांदीत नाही. आम्ही काही सर्कस काढलेली नाही."

सिग्ने टाळी वाजवून उठली. मार्गिट म्हणाली, "आई, तुझी तब्येत बरी आहे ना?" कर्टिसने कॉफीचा कप खाली ठेवला. मला वाटले, एकदाची अब्रूही राहिली आणि नातही.

"मला कोणी विचारलं?" डार्ला म्हणाली.

तिने पुडीचा चमचा पुसून बाजूला ठेवला होता.

"तुमचाच नियम ना, मिसेस टॉलफसन? ज्याचा पक्षी त्याने मारायचा. इथे एल्वीरा आत्यांनी मारला, तुम्ही बाद केला, तुम्हीच पुन्हा बसवला, आणि माझी लेक त्याच्यापायी उपास धरून बसलीय वाटतं. म्हणून चिमणी पालथी आहे होय? मला वाटलं, शाई वाळत्येय." ती कर्टिसकडे वळली. "तू मला हे सांगायला आला होतास का अंगणात?"

"हो," कर्टिस म्हणाला.

"आणि चाकांवरच अडकलास."

"चांगली आहेत चाकं."

डार्लाने डोळे मिटले, उघडले. मला त्या दोघांच्या लग्नाविषयी जे कोर्टाच्या कागदात नव्हते ते तेवढ्यात कळले.

"मी नाही मारणार," ती म्हणाली. "तपकिरीत नाही, चांदीत नाही. मी एप्रिलमध्ये उडाले, ते पुन्हा घुबडाशेजारी बसायला नाही. माफ कर कर्टिस."

"बरोबर आहे," कर्टिस म्हणाला.

"एकशे बत्तीस घरं मोजणार. म्हणणार, परत आली. मग दवाखान्यात खुर्चीत पडल्या पडल्या माझं अभिनंदन करणार. माझे दोन्ही हात त्यांच्या तोंडात. समजावणार कशी?"

हे सगळे हसत बोलण्यासारखे होते आणि तिने ते हसतच म्हटले. पण सिग्ने हसली नाही. ती उभीच होती.

"म्हणजे मी उगाच भांडले."

"उगाच नाही, बाळा. छान भांडलीस. आज्जीसमोर कोणी इतका वेळ टिकत नाही."

"तुला तिथे बसायचंच नाहीये."

"फांदीवर नाही."

"मग कुठे?" सिग्नेचा आवाज फाटला. "झाडावरून गेलीस की झालं. पुढच्या वर्षी कोण बोलावणार तुला? आज पण आज्जीची कार्डं बिघडली म्हणून बोलावलं. मार्गिट आत्या शिकेल पुरचुंडी फिरवायला, मग तुझं इथे काय काम? मी सुट्टीत दोन घरांत अर्धी अर्धी राहायचं. इकडे तुझं नाव नाही, तिकडे यांचं नाही. मला फक्त एका ठिकाणी, एका कागदावर, सगळे हवे होते."

चमकीच्या कागदाची घडी डार्लाने नीट केली. ती आधीच नीट होती. मार्गिटने आपले नाक पुसले. मी पाहिले तर एल्वीराने मूठ उघडली होती आणि खंड्या टेबलावर ठेवला होता, माझ्यापासून आणि डार्लापासून अगदी सारख्या अंतरावर.

"पोरी, बस," मी म्हणाले. "उभं राहून रडलं की चमकी उडते."

ती बसली.

आमच्या कामात घडी झाल्यावर एकच गोष्ट उरते. कार्डाच्या पाठीमागे, खालच्या बाजूला, ते कोणी केले याची ओळ येते. हाताने कार्डे करणारा प्रत्येक माणूस ती टाकतो. सुटी रबरी अक्षरे एका लाकडी खाचेत उलटी बसवून ती ओळ जुळवावी लागते. आमच्या कार्डामागे एकेचाळीस वर्षे 'आर्डिस टॉलफसन यांनी हाताने केले' एवढेच असते. ती ओळ मी स्वतः उमटवते. झाड मार्गिटचे, पक्षी ऑर्विलचे, बर्फ एल्वीराचे, चमकी डार्लाची. आणि ओळ माझी. यात काही वावगे आहे असे मला कोणी सुचवले नव्हते, आणि सुचवले असते तरी मी ऐकले नसते.

मी ती खाच आणि अक्षरांचा डबा पुढे ओढला.

"डार्ला, फांदीवर तो, जो घरातला. ते तुला नको, ठीक आहे. तुझा पक्षी आहे, तूच ठरव. पण मागच्या ओळीला घराचा संबंध नाही. मागे तो, ज्याने काम केलं. पावडरीची गोष्ट तू मला एकवीस वर्षं सांगितली नाहीस, याचा हिशोब मी नंतर घेईन. आत्ता मला एवढं दिसतं की तुझ्याशिवाय हे कार्ड होत नाही. त्याचा पुरावा काल मार्गिटने दिला. जरा स्वस्तातला मिळाला असता तर बरं झालं असतं."

"आई!" मार्गिट म्हणाली.

"तुझं नाव मागे येईल. माझ्या नावाच्या खाली. ते वयाप्रमाणे आहे, त्यात वाद नको. आणि एकदा नाव छापलं की दरवर्षी यावं लागेल. न येणाऱ्याचं नाव छापणं म्हणजे खोटं बोलणं, आणि माझ्या कार्डावर खोटं नसतं."

"हे आमंत्रण आहे की हुकूम?" डार्लाने विचारले.

"तुला जे जमेल ते."

तिने खाचेकडे पाहिले. मग सिग्नेकडे. "लोक मागची बाजू वाचतात का?"

"स्वॅन प्रेअरीत?" एल्वीरा म्हणाली. "अगं, आधी पुढचं मोजतात आणि मग कारण शोधायला मागे बघतात."

डार्ला हसली, आणि या वेळी तिचा हात हलला. "सिग्ने, तुझी चिमणी मार. नाही मारलीस तर मी आत्ता निघते. तुला टॉलफसन व्हायचं की नाही हा प्रश्न तुझ्या हातात नाही, नाकावरच लिहिलंय."

"नाकाला काय झालंय?" मार्गिट आणि सिग्ने एकदम म्हणाल्या, आणि दोघींनी आपापल्या नाकाला एकाच रीतीने हात लावला. कर्टिस मोठ्याने हसला. तो हसला, हे मी या कादंबरीभर लांबलेल्या आयुष्यात फार कमी वेळा नोंदवले आहे.

सिग्नेने चिमणी उचलली, शाईवर दाबली, आणि पहिल्या कार्डावर उमटवली. घुबडाच्या शेजारच्या मोकळ्या फांदीवर. तिची जागा दरवर्षी खाली, बुंध्याजवळ असते. मी हाडाची पट्टी उचलली. एल्वीराने टेबलाखालून माझ्या पायावर पाय ठेवला. मी कार्ड बाद केले नाही.

"खंड्याची ती अकरा बाद ना?" मार्गिटने ती गोळा करत विचारले. मग पुन्हा मोजली. "दहाच आहेत."

कर्टिस खिडकीबाहेर बर्फ पाहत होता. त्याच्या शर्टाच्या खिशाचे बटण, जे तो कधी लावत नाही, लावलेले होते.

"दहाच होती," मी म्हणाले.

मार्गिटने माझ्याकडे पाहिले आणि ती दहा कार्डे बादच्या ढिगावर ठेवली.

मी माझी ओळ खाचेत जुळवली. दुसऱ्या ओळीसाठी चिमटा घेऊन 'डार्ला' बसवले. पुढे 'टॉलफसन' बसवायला हात गेला.

"ते नाही," डार्ला म्हणाली. "ऑक्टोबरपासून नाही. माझं माहेरचं."

मी मान हलवली. शिबिल्स्की. तळ्यापलीकडची, कॅथलिक, पोलिश मंडळी. त्यांच्या घरची लग्नपत्रिका माझ्या हातात आली होती, पण मी ती नीट वाचलीही नव्हती. त्यानंतर तिचे ते नाव लिहिण्याची वेळ माझ्यावर कधी आली नाही, आणि वेळ आली नाही याचे मला समाधानच होते. मी डब्यातून एस उचलला.

"एस नाही. पी."

"शिबिल्स्कीत पी कुठून आला?"

"पहिल्यापासून आहे. पोलिशमध्ये लिहितात एक, म्हणतात एक. तुम्ही कधी विचारलं नाहीत."

एल्वीरा काही बोलणार होती. मी तिच्याकडे पाहिले. मग एस परत डब्यात टाकला, पी शोधला, चिमट्यात धरून उलटा खाचेत बसवला आणि बोटाने दाबून पक्का केला.

"पुढे?"

"आर."

"आर!"

"मग झेड."

मी चष्मा पुसला आणि डबा खिडकीच्या उजेडात सरकवला.

"हळू सांग," मी म्हणाले. "एकेक अक्षर सांग. मला ते बरोबर हवं आहे."